साड्यांच्या गठ्ठ्यांमागचं दार

मी एक जुनं दार आहे, मित्रांनो. बंगल्याचं नाही, देवळाचं नाही. रायपूरच्या पंडरी बाजारात साड्यांचं एक दुकान आहे, त्याच्या मागच्या बाजूच्या संडासाचं. नाक मुरडू नका! आधी माझी गोष्ट तर ऐका.

बूढापारा मोहल्ल्यातल्या सुतारानं मला साल वृक्षाच्या लाकडातून घडवलं. दुकान यशवंतरावांचं, पण मला बसवून घेतलं त्यांच्या पत्नीनं, प्रेमलाबाईंनी. "दुकानात पोरी काम करून राहिल्या, त्या जातीन कुठं?" असं म्हणून त्या हटूनच बसल्या. मला निळा रंग लागला, आतून पितळी कडी लागली. शेजारच्या दुकानांतल्या पोरीही यायच्या आणि माझं कौतुक करायच्या. मी तर पावसाळा नसतानाही फुगायचं!

पुढे प्रेमलाबाई वारल्या. लग्नसराईत माल ठेवायला जागा पुरेना, तेव्हा यशवंतरावांनी माझ्यापुढे गठ्ठे रचले. "चार दिवसांसाठी," म्हणाले. त्या चार दिवसांची वर्षं झाली. पुरुषमंडळी गल्लीच्या टोकाला जाऊन येत, त्यांचं काही अडलं नाही.

अडलं ते रुचिताचं. ती साड्या दाखवायची. तिनं आपल्यापुरता उपाय काढला, पाणीच प्यायचं नाही. त्यात आमच्या बाजाराची एक समजूत, गिऱ्हाईक गादीवर असताना दाखवणारा उठला की सौदा मोडतो. म्हणून बिचारी दाबून धरायची आणि हसतमुखानं पदर उलगडत राहायची.

"पाणी काहून नाही पेत वं, पोरी?" यशवंतराव विचारायचे.

"तहानच नाही लागत, काकाजी."

ती खोटं बोलते हे मला ठाऊक होतं, पण दाराला कुठली जीभ!

एका दुपारी साडी उलगडता उलगडता तिनं कंबर धरली आणि ढिगावरच आडवी झाली. तिच्यासोबत काम करणारी भावना "भैया, ऑटो रोको!" ओरडत रस्त्यावर धावली. त्या दिवशी माझा जीव फार तुटला.

बरी होऊन ती परत आली, तेव्हा यशवंतराव रागावले. "एवढं दुखे, तं सांगितलं काहून नाही?"

रुचितानं मान खाली घातली. "मुतखडा निघाला, काकाजी. डॉक्टर म्हणे, पाणी पेत नाही, वरून लघवी दाबून धरता, किडनी खराब करून घ्यान. पण जाऊ कुठं? तिथं तं गठ्ठे हायेत. तुमाले सांगाची लाज वाटे."

यशवंतराव माझ्याकडे वळले. "प्रेमला असती, तं मलेच गठ्ठ्यात बांधलं असतं," ते पुटपुटले. मग सत्तरीचा तो माणूस धाप लागेस्तोवर स्वतः गठ्ठे ओढत राहिला.

आता गादीवर गिऱ्हाईक असलं तरी रुचिता उठते. "जाय तू, मी दाखवतो," यशवंतराव म्हणतात. त्यांना धड घडी घालता येत नाही. बायका हसतात, आणि सौदाही होतो.

मित्रांनो, तुम्हीही वर्गात लाजेपायी पाय आवळून बसता ना? बसू नका. भरपूर पाणी प्या, आणि लागली की बाईंना खुशाल सांगा. घरात, दुकानात कुणी ताई, मावशी पाणी प्यायचं टाळत असेल, तर तिला कारण विचारा. आत जाऊन निवांत कडी लावा. तुम्ही बाहेर येईपर्यंत साऱ्या जगाला थोपवायला मी उभं आहे.