नीलम्मा आता दुसऱ्यावर खेळतात

मित्रांनो, मी टीव्हीला जोडून खेळायचा एक जुना व्हिडिओ गेम आहे आणि माझा स्वभाव जळका आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे ऐकाल त्याचं तुम्हाला नवल वाटणार नाही.

माझ्या आधीचे गेम कपाटाएवढे असत. धाराशिवच्या बसस्टँडजवळ एका पार्लरमध्ये ते ओळीने उभे असायचे आणि नाणं टाकल्याशिवाय कुणाला दाद देत नसत. मी मात्र हलक्या प्लास्टिकचा, मांडीवर मावणारा. सोलापूरच्या दुकानातून शंकरप्पांनी मला उचललं आणि एसटीत मांडीवर धरून बेंबळीला आणलं. त्यांचा मुलगा व्यंकट तेव्हा प्राथमिक शाळेत होता.

मग काय, गल्लीतली सगळी पोरं त्याच्या घरी. कॅसेट लागली नाही की ती काढायची, तिच्यात फुंकर मारायची आणि पुन्हा खुपसायची. ऐन रंगात लाईट गेली की सगळे एकदम हळहळायचे. ती हळहळ माझ्यासाठी आहे, या विचाराने मी सुखावून जायचो.

पण माझं खरं माणूस वेगळंच होतं. व्यंकट शाळेत आणि शंकरप्पा कचेरीत गेले, की व्यंकटची आई, नीलम्मा, शेतातून घरी यायच्या. हातपाय धुवायच्या, दाराला आतून कडी लावायच्या आणि माझ्यासमोर मांडी घालून बसायच्या. त्यांना रणगाड्यांचा खेळ आवडायचा. सुरुवातीला त्यांचा रणगाडा सारखा भिंतीला धडकायचा. पुढे पुढे त्या अशा टप्प्यांवर पोहोचू लागल्या, की जे व्यंकटने कधी पाहिलेही नव्हते. मात्र हे कुणाला सांगायची सोय नव्हती. बाईमाणूस भर दुपारी खेळत बसतं म्हटल्यावर गावाने नावं ठेवली असती. एकदा व्यंकट लवकर घरी आला आणि मी गरम कसा, म्हणून विचारू लागला. धूळ पुसत होते, असं सांगून त्या चुलीकडे गेल्या. त्याने पुढे काही विचारलं नाही.

व्यंकट कॉलेजला गेला आणि त्याने सीडीवर चालणारा एक चंदेरी गेम आणला. माझ्यातली माणसं चार ठिपक्यांची. त्याच्यातल्या माणसांच्या शर्टाला सुरकुत्या पडायच्या! माझी रवानगी पोटमाळ्यावर झाली. तिथून मला खालची खोली दिसायची आणि माझा नुसता तिळपापड व्हायचा. सीडीवर चरा पडून तो मध्येच अडकला, त्या दिवशी मला झालेला आनंद काय सांगू. पण तो गेला तर कॉम्प्युटर आला. मग मोबाइल आला. त्याला टीव्हीसुद्धा लागत नव्हता, तो थेट खिशात जाऊन बसला. अलीकडे व्यंकटच्या मुलीने, हर्षालीने, पांढराशुभ्र नवा गेम आणला. त्याच्या रिमोटला वायर नाही. त्यावर ती परमुलखातल्या मुलांशी खेळते. मी जळत होतो, पण एक समाधान होतं. नीलम्मांनी यातल्या एकालाही हात लावला नव्हता. त्या माझ्याच होत्या.

गेल्या दिवाळीनंतर नीलम्मांना लकव्याचा झटका आला. त्या दवाखान्यातून परत आल्या तेव्हा त्यांचा उजवा हात लुळा पडलेला होता. बोटं हलवत राहिल्या नाहीत तर हात कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. व्यायामासाठी रबरी चेंडू दिला होता. तो दाबायचा. नीलम्मा तो बाजूला सारायच्या आणि भिंतीकडे तोंड करून पडायच्या. व्यंकटने समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

एका संध्याकाळी हर्षाली खेळत होती आणि व्यंकट चेंडू घेऊन आईची मनधरणी करत होता. नीलम्मा टीव्हीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “हर्षाली, माळ्यावर जुना गेम हाय बघ. तेवढा खाली काढ.”

व्यंकट म्हणाला, “आई, तुला कुठं येतंय ते?”

“येतंय. तुमी समदे भाईर गेल्यावर म्या रोज खेळत होते.”

व्यंकटने हातातला चेंडू खाली ठेवला. त्याने हळूच विचारलं, “मला कधी सांगितलं न्हाईस?”

“तू इचारलंस कधी?”

हर्षाली स्टुलावर चढली. तिने मला खाली काढलं, पुसलं. मी त्या पांढऱ्याकडे बघून असा काही फुगलो म्हणता! पण भिंतीवरच्या सपाट टीव्हीला माझ्या पिना लावायला जागाच नव्हती. व्यंकटने चारही बाजू चाचपल्या. मला वीज जोडली, तर माझा दिवाही लागला नाही. नीलम्मांनी डावा हात माझ्यावर फिरवला आणि म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. लई राबलाय.”

हर्षालीने मग पांढऱ्या गेममध्ये रणगाड्यांचा एक खेळ शोधला. त्याचा रिमोट आजीच्या मांडीवर ठेवला. नीलम्मांनी आपला उजवा अंगठा डाव्या हाताने उचलून बटणावर ठेवला आणि वरून दाबला. रणगाडा निघाला तो थेट भिंतीला धडकला. त्या हसल्या. झटक्यानंतर पहिल्यांदाच.

त्यानंतर त्या रोज बसू लागल्या. आणि एके दिवशी डाव्या हाताने उचलण्याआधीच तो अंगठा आपला आपण हलला. व्यंकट दुसरा रिमोट घेऊन आईशेजारी बसतो आणि त्या सांगतील तसं खेळतो.

मला आनंद झाला, असं मी खोटं सांगणार नाही. ज्या अंगठ्याने माझी बटणं गुळगुळीत केली, तो दुसऱ्याच्या बटणावर पुन्हा जिवंत झाला आणि मी शेजारी बंद पडून होतो. आजही तो पांढरा चालू झाला की माझ्या पोटात दुखतं.

मित्रांनो, मला जपून ठेवा, असं मी म्हणणार नाही. आता माझ्याने कुणाचं काम व्हायचं नाही. पण तुमच्या घरात नवा गेम आला, तर आईला विचारा, खेळतेस का म्हणून. ती म्हणेल, नको, मला काय कळतंय त्यातलं. तेव्हा तिला पुन्हा एकदा विचारा.