दुधाची साखर

दमयंती गेली तेव्हा तिची बिअर डब्यातच राहिली होती.

जपानात सेंदाईला आल्यापासून दर थंडीत ती कॉफी आणि व्हॅनिलाची काळी बिअर घरी करायची. अशी बिअर घरी करायला इथे परवानगी नाही, म्हणून बाहेर कुणाला विचारायची सोय नव्हती. नवऱ्याचं, भानुदासचं काम बाटल्या धुवायचं आणि गप्प बसायचं. या खेपेला ओट्स, कॉफी, व्हॅनिलाच्या शेंगा, सगळं तिनेच घातलं होतं. राहिली होती फक्त गोडी.

"पाकिटातलीच साखर घाला, दुसरी नको," ती दवाखान्यात पडल्या पडल्या म्हणाली होती. "दुधाची आहे ती. दाटपणा तिनेच येतो."

तिचं दिवसकार्य उरकल्यावर त्याने डबा उघडून चाखलं. पाण्यासारखं पातळ आणि कडू. पाकिटातली पावडर चाटून पाहिली तर जेमतेम गोड. जुनी होऊन उतरली असेल, असं त्याला वाटलं. ती बाजूला ठेवून त्याने चहात घालतो तशी साधी साखर घातली. चव आली. अगदी तिची चव. तो डब्याशेजारी बसून रडला.

आठवड्याने पाहिलं तर गोडी गायब. घरात तो एकटा. त्याने पुन्हा साखर घातली, आधीपेक्षा जास्त, आणि ती पळायच्या आत बाटल्या भरून झाकणं घट्ट बसवली. एक बाटली इचिकावा शहरात राहणाऱ्या मुलीकडे, पूर्वीकडे, पाठवली. बाकीच्या भिंतीतल्या कपाटाच्या खालच्या खणात ठेवल्या. मोठ्या भूकंपापासून या घरात काचेचं काही वर ठेवत नसत.

थोड्या दिवसांनी कपाटातून आवाज येऊ लागला. टिक्. मग बराच वेळ काही नाही. गारठ्याने लाकूड आकसत असेल म्हणून त्याने हीटर वाढवला.

दमयंतीच्या वाढदिवसाला पूर्वी आली.

"बाबा, केवढी तापलीय खोली! पापड वाळवताय का?"

"तुला थंडी बाधते."

"मला? मी इथेच वाढलेय. तुम्हाला बाधते." ती कपाटासमोर गादी पसरून आडवी झाली.

"पाठवलेली प्यायलीस?"

"नाही. पहिली तुमच्याबरोबर. आज आईपुढे ठेवू, मग आपण."

तिचा डोळा लागल्यावर तो एक बाटली घेऊन स्वयंपाकघरात आला. झाकण उचकटलं आणि फेस थेट छताला लागला. तळाशी घोटभर उरली ती त्याने चाखली. पातळ. कडू. गोडी पुन्हा कुणीतरी खाल्ली होती.

मग त्याला आठवलं. बाटल्या धुताना ती एकदा म्हणाली होती, यीस्ट साधी साखर खातं आणि वायू सोडत राहतं. दुधाची त्याला पचत नाही, म्हणून तेवढीच मागे राहते. तेव्हा त्याचं लक्ष नळाकडे होतं.

तेवढ्यात दोघांचे फोन एकदम किंचाळले. भूकंपाची सूचना. पायाखालची फरशी हलली. पूर्वी झोपेतून उठली आणि लहानपणापासून करायची तेच तिने केलं. जमिनीवर बसून कपाटाच्या कागदी सरकत्या दाराला पाठ लावली, आतलं बाहेर येऊ नये म्हणून.

"पाठ काढ!" भानुदास ओरडला. "पूर्वी, ऊठ तिथून!"

"अहो बाबा, दार उघडेल!"

त्याने तिला दंडाला धरून ओढलं. आत धडाका झाला. लगेच दुसरा. सरकत्या दाराचा कागद जिथे तिची पाठ होती तिथेच फाटला, आणि काचेचा तुकडा समोरच्या भिंतीत रुतला.

हादरे थांबले. त्याने जाड कोट चढवला, हातमोजे घातले, तोंडाला मफलर गुंडाळला. उरलेल्या बाटल्या एकेक करून टॉवेलात धरून न्हाणीत नेल्या आणि उघडल्या. घरभर कॉफी आणि व्हॅनिलाचा वास झाला.

"एक राहू द्या ना, बाबा," पूर्वी दारातून म्हणाली. "आईच्या हातची शेवटची."

"तिच्या हातची राहिलीच नाही ती. मी हात घातला." त्याने तीही उघडली.

फेस वाहून गेला. पूर्वी तिथेच उभी होती, पण तिचा चेहरा उतरला होता.

"माझी ती बाटली विभाच्या खोलीत आहे. पडून फुटू नये म्हणून तिच्या पलंगाखाली ठेवली. हीटरपाशी."

"लाव फोन."

रविवारची दुपार. पूर्वीबरोबर त्या घरात राहणारी तिची मैत्रीण विभा या वेळी झोपलेली असायची. पूर्वीने फोन जमिनीवर ठेवला, आवाज मोठा केला. दोघंही वाकून ऐकत राहिले.

पलीकडे घंटा वाजत होती. कुणी उचलत नव्हतं.