मोज्यांशेजारी टांगलेला ओढा

मित्रांनो, मी एक जुना लोकरीचा झुबका आहे. निदान सगळे तसे म्हणतात. माझी स्वतःची अजून खात्री नाही.

सातासमुद्रापलीकडे, टली गावच्या उसाच्या मुलखात, बेरिलआजींच्या विणकामाच्या पिशवीत मी राहत होतो. नातवाची टोपी विणून उरलेला हिरवा गुंडा म्हणजे मी. आता आपले मोजे होणार, अशी स्वप्ने पाहत होतो. पण आजींनी मला जाड पुस्तकाभोवती गुंडाळून एका बाजूने कापले आणि चक्क उकळत्या पाण्यात घातले.

"रंग सुटतोय का बघ गं," क्लॅरीआजोबा म्हणाले. "मासे मरतील माझे."

"मासे मेले तर तू मला उकळशील, ठाऊक आहे," आजी म्हणाल्या.

मग मी तरंगावे म्हणून माझ्या डोक्याला बाटलीचे बूच बांधून त्यांनी मला काचेच्या टाकीत सोडले. तिथे बोटाएवढे रेनबो मासे होते. सकाळी खिडकीतून उजेड आला की नरांच्या कपाळावर नारिंगी पट्टा उजळायचा आणि ते माझ्याभोवती नाचायचे. माद्या माझ्या दोऱ्यांत शिरून थरथरायच्या. मला गुदगुल्या व्हायच्या. कशाच्या, ते कळेना. मग आजोबा मला आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात, पाण्यात ठेवायचे. आठवड्याभराने त्यात पापणीच्या केसाएवढी पिल्ले दिसायची. तेव्हा कुठे उमगले, की त्या गुदगुल्या म्हणजे अंडी होती! मासे पाळणारे मित्र चहाला आले की माझे कोण कौतुक व्हायचे.

हे मासे घरामागच्या ओढ्यातले. एका पुरात तिथे परके, खादाड मासे शिरले आणि त्यांनी ओढ्यातले रेनबो फस्त केले. उरले ते आमच्या टाकीत. तेही म्हातारे होऊन एकेक करून गेले. शेवटी एक मादी आणि एक थकलेला नर राहिला.

"क्लॅरी, माझ्याकडचे घे की," त्यांचा मित्र कॉलिन म्हणाला. "रेनबोच ते."

"ते तुझ्या ओढ्याचे, गड्या. दर ओढ्याचा वाण निराळा. माझ्यात नाही मिसळायचे."

मासे तर सारखेच दिसत होते. माणसांचे हे सोवळे माझ्या डोक्यावरून गेले.

त्या मादीने माझ्यात अंडी घातली आणि लगेच ती मेली. मला डब्यात ठेवून आजोबा डोळ्याच्या शस्त्रक्रियेला गेले. आजीही सोबत गेल्या. घर सांभाळायला आजोबांची बहीण नोरीन आली. तिला स्वच्छतेचे भारी वेड. तिने मला नळाखाली धरले, पिळले आणि दोरीवर चिमट्याने टांगले. शेजारी मोजे होते. मी वेडा, क्षणभर हरखलोच! आभाळ भरलेले होते म्हणून ऊन तेवढे लागले नाही.

दुपारीच आजोबा परतले.

"नोरीन! हे काय केलंस?"

"धुतलं. शी, किती बुळबुळीत होतं! आभार मान माझे."

आजोबा पायरीवर मटकन बसले. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यातून पाणी. "अगं, माझा अख्खा ओढा होता त्यात."

नोरीनचा चेहरा पडला. "मला वाटलं फडकं आहे रे."

तिचे तरी काय चुकले? मलाही मी फडकेच वाटत होतो. पण मला फार वाईट वाटले.

बेरिलआजींनी मला चाचपले. "आतून ओला आहे अजून. रडतोस काय, क्लॅरी? ओल्या कागदात गुंडाळून टपालाने अंडी पाठवायचास ना मित्रांना? पोस्टमन काय त्यांना पाळण्यात घालून न्यायचा?"

मी पुन्हा डब्यात गेलो. नोरीनने आपले परत जाणे लांबवले. रोज सकाळी ती डब्यापाशी बसायची. चहा तसाच गार व्हायचा. एका सकाळी ती किंचाळली, "क्लॅरी! पाण्यातल्या केसाला डोळे आहेत!"

आजोबा अनवाणी धावत आले. मोजकीच पिल्ले जगली, पण जगली. टाकीत आता सकाळी पुन्हा नारिंगी पट्टे उजळतात.

माझ्या जागी नवे झुबके आले. मी गॅरेजात खिळ्याला लटकतो. मी मोजा, फडके की ओढा, हा घोळ सुटलेला नाही. मित्रांनो, एवढेच मागतो: एखादी वस्तू काय आहे ते कळले नाही, तर पिळण्याआधी विचारा. नोरीन आता विचारते. परवा गॅरेज झाडताना तिने मला, कोरड्या ठणठणीत झुबक्याला, दोन्ही हातांत धरले आणि हळूच म्हणाली, "आत कोणी आहे का रे?"