खडीखालचा ओलावा

तिने लॅव्हेंडरचं चौथं झुडूप बुंध्याशी धरून ओढलं आणि ते मुळासकट हातात आलं. मुळं काळी, बुळबुळीत, नासक्या वासाची. तीन महिने पाऊस नव्हता, तिने झारीला हात लावला नव्हता, आणि तरी झाड कुजलं होतं. तिने खडी बाजूला सारून बोट खुपसलं. खाली चिखल होता.

ही दगडांची बाग तिच्या नवऱ्याची. निवृत्तीनंतर त्याने मागच्या उतारावर दगड रचले, खडी पसरली आणि कोरड्या, उन्हाळी मुलखातली झुडपं हौसेने आणून लावली. लॅव्हेंडर, रोझमेरी आणि त्याचं लाडकं सिस्टस, ज्याची चुरगळलेल्या कागदासारखी पांढरी फुलं एकच दिवस टिकतात. "यांचे लाड केले की ही मरतात," तो म्हणायचा. त्याच्या अक्षरातली पाटी अजून दगडांत उभी होती : पाणी घालू नये. त्याला जाऊन पाच महिने झाले होते. रोझमेरी आधीच गेली होती. आता एकटं सिस्टस उरलं होतं आणि त्याचीही खालची पानं पिवळी पडत चालली होती. तेही गेलं तर त्याच्या हातचं काहीच राहणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पहाटेच स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन बसली. उजाडता उजाडता दोन घरांमधलं छोटं फाटक वाजलं. भरलेली झारी घेऊन आले ते तिचे धाकटे दीर. पस्तीस वर्षं अग्निशमन दलात काढलेला माणूस. म्हणजे कुंपणच शेत खात होतं! ती पायात चप्पलही न घालता बाहेर आली.

"भाऊजी, पाटी दिसत नाही का तुम्हाला?"

दीर दचकले. झारी खाली ठेवावी की पाठीमागे लपवावी, हे त्यांना ठरवता येईना.

"दिसते ना, वहिनी. रोज वाचतो."

"रोज वाचता आणि रोज पाणी घालता? पाच झुडपं मारलीत तुम्ही! इथे कुठे आग लागली होती?"

एरवी अशा टोमण्यावर ते हसले असते. आज ते पाटीकडेच बघत राहिले.

"शेवटच्या दिवशी दादा पाणी मागत होता," ते म्हणाले. "तुम्ही कपडे आणायला घरी गेला होतात. पोटाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी बजावलेलं, थेंबही द्यायचा नाही. मी नुसता ओला कापूस ओठांना लावला. म्हटलं, उद्या देतो."

तीही पाटीकडे बघू लागली.

"आयुष्यभर पाणीच मारलं हो मी. गोदामांवर, लोकांच्या गाद्यांवर, एकदा तर चुकून साहेबांच्या गाडीवर. आणि सख्ख्या भावाला घोटभर दिलं नाही."

तुमचं काय चुकलं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण ते त्यांना सगळ्यांनीच सांगून झालं असणार, आणि पालथ्या घड्यावर पाणी पडलं असणार. झुडपांचा राग अजून गेला नव्हता, आणि रडूही येत होतं. तिने त्यांच्या हातून झारी घेतली आणि फाटकापाशी नेऊन ठेवली.

दुपारी ती रोपवाटिकेत गेली.

"सगळ्यात जास्त पाणी पिणारं काय आहे तुमच्याकडे?"

"लोक कमी पाण्याचं मागतात, ताई," माळी म्हणाला आणि त्याने कर्दळीचा कंद काढून दिला.

घरातलं जुनं घमेलं तिने फाटकाशी, उताराच्या अगदी खालच्या अंगाला ठेवलं. तिथून पाणी दगडांकडे चढणार नव्हतं. त्यात माती भरून तिने कंद लावला.

सकाळी दीर आले ते रिकाम्या हाताने. नजर खाली.

"भाऊजी, झारी कुठे आहे?" तिने विचारलं. "ही कर्दळ आणलीय. हिला रोज दोन झाऱ्या लागतात. मला काही उचलवत नाही."

त्यांनी घमेल्याकडे पाहिलं, मग वर सिस्टसकडे, मग तिच्याकडे. ते घरी गेले आणि झारी भरून घेऊन आले. माती आधी पीत राहिली. दुसऱ्या झारीला पाणी काठापर्यंत चढलं, मग काठावरून ओघळून तिच्या अनवाणी पायांवर आलं.

"पुरे ना, वहिनी?"

"अजून घाला," ती म्हणाली.