गच्चीवर संत्रं असलेलं घर

ही गोष्ट मी लिहिणारच नव्हतो. एक तर महादेवराव अजून ठणठणीत आहेत, आणि नाव बदलून लिहिलं तरी प्रताप नगरातलं शेंबडं पोरगंही बोट दाखवून सांगेल, हेच ते घर. पण लोक ही गोष्ट फार चुकीची सांगतात. म्हणे महादेवराव हरले आणि तोंड लपवून बसले. तसं झालं नाही. म्हणून लिहितो.

महादेवराव मूळचे नरखेड तालुक्यातले. संत्र्याच्या बागेनं भलं केलं, तसा त्यांनी नागपुरात, प्रताप नगरात प्लॉट घेतला आणि घर बांधलं. घर चारचौघांसारखंच. पण पाण्याच्या टाकीची वेळ आली तेव्हा त्यांच्या मनात आलं, ज्या फळानं घर दिलं ते घराच्या डोक्यावर पाहिजे. मिस्त्री नाही म्हणाला. महादेवरावांनी त्याला चार वेळा चहा पाजला, तेव्हा हो म्हणाला. गोल टाकी, केशरी ऑइलपेंट, वर देठ आणि सिमेंटची दोन हिरवी पानं. रिक्षावाले पत्ता विचारायचे बंद झाले.

गावात ही बातमी पोचली आणि लोक गालात हसले. महादेव शहरात जाऊन बिघडला म्हणे, टाकीले रंग फासते. हे महादेवरावांच्या कानावर आलं आणि खोल लागलं. शहर हसलं तर हसो. पण गावानं एकदा तरी म्हणावं की महादेवनं काम नंबरी केलं, एवढंच त्यांना पाहिजे होतं.

त्यात त्र्याऐंशी साली बर्डीच्या बाजारातल्या एका टाइल्सच्या दुकानानं स्पर्धा काढली, ‘नागपूरचं देखणं घर’. घरं दुकानानं निवडायची, पहिलं कोणतं ते जनतेनं ठरवायचं. निवडलेल्या प्रत्येक घराच्या फाटकावर नंबराची पाटी लागली, पेपरात कुपन आलं. कुपनावर आवडत्या घराचा नंबर आणि आपलं नाव-गाव लिहायचं, दुकानातल्या पेटीत टाकायचं. पहिल्या घराला शिल्ड. आणि त्या घराला ज्यांनी मत दिलं त्यांच्यातून चिठ्ठी काढून एकाला मिक्सर. मिक्सर म्हटल्यावर निम्म्या नागपूरला एकाएकी घरातलं कळायला लागलं.

निवडलेल्यांत महादेवरावांचं घर होतं, आणि रस्त्यापलीकडे अगदी समोरचं बाबारावांचंही होतं. बाबाराव पोस्टातून रिटायर झालेले, महादेवरावांचे रोजच्या चहाचे सोबती. त्यांचं घर बसकं, पांढरं, पुढे कवेलूचं छप्पर, फाटकावर मधुमालती. फोटो त्यांच्या मुलीनं परस्पर पाठवला होता. स्पर्धेत आपण आहोत हे त्यांना पाटी लागल्यावर कळलं.

महादेवरावांनी ठरवलं, मत द्यायचं तर गावानं द्यावं. मार्चमध्ये गावचा माल ट्रकनं संत्रा मार्केटात यायचा. त्यांनी सांगावा धाडला, माल उतरला की रिकामा ट्रक माझ्याकडे आणा, जेवूनच जा.

ट्रक आला. ऊन असं की माणसं डोक्यावर दुपट्टे घेऊन, माना खाली घालून उतरली ती थेट ओट्यावर. त्यांच्या बायकोनं, जिजाबाईनं पातोडीचा रस्सा केला होता. महादेवराव स्वतः वाढत होते, आणि आग्रह असा की माणूस उठायच्या लायकीचा राहू नये. जेवण झाल्यावर ओट्यावर सतरंज्या पडल्या. कोणी लवंडलं, कोणी खांबाला टेकलं. समोर बाबाराव मधुमालतीला पाणी घालत होते.

मग महादेवरावांनी कुपनं आणि पेनं वाटली. आणि पाठ फिरवून उभे राहिले. पाहुण्याचं ताट पाहू नये, तसं मतही पाहू नये, असं त्यांचं म्हणणं. कुपनांचा गठ्ठा त्यांनी स्वतःच्या हातानं बांधला, सायकलवर बर्डीला नेला आणि स्वतःच पेटीत टाकला.

निकाल पेपरात आला. बाबाराव पहिले. महादेवरावांच्या घराला दोन मतं.

एक तर त्यांचंच होतं. दुसरं कोणाचं, हे त्यांनी जिजाबाईला विचारलं नाही. ती नाही म्हणाली तर काय करायचं?

त्या दिवशी बाबाराव चहाला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले ते गावचे रुपराव. मिक्सर त्यांनाच लागला होता. तो काखेत मारून ते हक्कानं जेवायलाच आले. महादेवरावांनी आधी त्यांना जेवू दिलं.

"रुपराव, मत तं तुम्ही माह्याच ओट्यावर बसून लिवलं होतं ना गा?"

"हो ना. समोरच तं पाटी होती. का थंडगार घर हाय बावा थे. आमी साऱ्यायनं त्यालेच देल्लं."

"अन् माह्यं?"

रुपराव चकित झाले. "तुमचं? तुमचं तं आपलंच हाय. आपल्या घरचं जेवून आपणच वावा म्हणा का?"

जिजाबाई पदर तोंडाला लावून आत गेली. महादेवरावांनी हळूच टाकीचं विचारलं. तेव्हा कळलं की टाकी कोणी पाहिलीच नव्हती. एवढ्या उन्हात मुंडी वर कोण करते, रुपराव म्हणाले. महादेवराव त्यांना हाताला धरून रस्त्यावर घेऊन गेले. रुपरावांनी डोळ्यांवर हात धरला आणि मार्केटात माल पाहावा तसं बराच वेळ पाहिलं. महादेवराव त्यांच्या तोंडाकडे पाहत उभे.

"पान मोठं झालं," रुपराव म्हणाले. "पण फळ पयल्या नंबरचं हाय."

 महादेवरावांनी रुपरावांचा मिक्सर स्वतः उचलून स्टँडपर्यंत पोचवला.

संध्याकाळी बाबाराव आले, चोरासारखे. खुर्चीच्या कडेवर बसले. बक्षीस समारंभाला आपण जाणार नाही, असं म्हणाले. तिथं माइकवर घराबद्दल दोन शब्द बोलावे लागतात, आणि आपलं आयुष्य काउंटरच्या मागं गेलं.

"शिल्ड तूच घेऊन ये गा. मतं तं तुह्याच मानसायची हायेत. माह्यं बी मत तुह्याच घराले होतं. ओट्यावर बसलं का मले दुसरं काही दिसतच नाई. दिवस निंगतो थो तुह्या टाकीमांगून."

म्हणजे दुसरं मत हे. महादेवरावांनी जिजाबाईकडे पाहिलं. ती फार लक्ष देऊन चहा गाळत होती. तिलाही मिक्सर हवाच असणार, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं.

ते हसायला लागले. आधी गालात, मग पोट धरून. बाबाराव घाबरून पाहत राहिले.

"आयक," महादेवराव डोळे पुसत म्हणाले, "तू जाशीन. मी तुह्या बाजूलेच बसतो. तू उठला का पयली टाळी माही. अन् बोलता नाई आलं तं मी उठतो, तुह्यं घर कसं दिसते थे मीच सांगतो. मले नाई तं कोणाले मालूम? अन् टाकीचं नाव काढत नाई. कबूल."