परवान्याआधी लागलेली पाटी

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. मित्रांनो, तुम्हाला वाटेल, हिला काय काम, नुसते लटकायचे. पण एकदा लटकून पाहा, मग कळेल. ऊन, पाऊस, कावळे आणि खालून जाताना चुकीचे वाचणारी माणसे, सगळे मुकाट्याने सोसावे लागते.

माझा पहिला जन्म एका शिंप्याच्या दुकानावर गेला. ते बंद पडले तेव्हा एका पेंटरने मला भंगारातून उचलून आणले. बाजारातल्या निम्म्या दुकानांची नावे त्यानेच रंगवली होती. त्याच्या स्वतःच्या दारावर मात्र पाटी नव्हती. म्हणायचा, "आपल्याकडे लिहिण्यासारखं आहे काय?"

लिहिण्यासारखे काहीतरी त्याच्या लेकीने आणले. ती घरे विकून देणाऱ्या एका दलालाकडे नोकरीला होती. कुलपे उघडायची तिने, जिने चढायचे तिने, आणि सही मात्र मालकाची. शेवटी तिने ठरवले, आपला स्वतःचा परवाना काढायचा. आधी प्रशिक्षणाचा वर्ग, मग परीक्षा, मग पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी आणि सर्वांत शेवटी नोंदणी. परवाना हाती येईपर्यंत स्वतःच्या नावाची पाटीसुद्धा लावायची नाही, हे वर्गात पहिल्याच दिवशी सांगितले होते. ती भाजी निवडताना कायदे पाठ करायची. पहिल्यांदा नापास झाली तेव्हा डोक्यावरून पांघरूण ओढून पडून राहिली. दुसऱ्यांदा पास झाली.

त्याच सुमारास पेंटरचा हात कापू लागला. हे दुखणे वाढतच जाणार, असे डॉक्टरांनी सांगितले. मग तो कशाला थांबतो! डाव्या हाताने उजवे मनगट घट्ट धरून त्याने माझ्यावर लेकीचे नाव लिहिले आणि खाली 'परवानाधारक घरविक्री सल्लागार'. 'धा'चा काना जरा तिरका गेला. पण खरे सांगते, इतक्या मायेने मला कुणीच रंगवले नव्हते.

"बाबा, अजून पोलिसांचा कागद यायचाय," लेक म्हणाली.

"येऊ दे की. मी काय तुला धंदा मांडायला सांगतोय? दारावर लाव, मी खुर्चीत बसून बघतो. कागद येईपर्यंत मी असेन की नाही, कुणी सांगावं?"

"असं बोलू नका ना."

नियम तिला तोंडपाठ होता. तरीही तिने खिळा ठोकला.

दोनच दिवसांनी तिचा मालक किल्ल्या न्यायला आला. माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "झकास अक्षर आहे." मग त्याने मोबाईल काढून माझा फोटो घेतला. मी आपली फुशारून गेले.

तो फोटो तक्रारीला जोडून परवान्याच्या कार्यालयात पोचला. लेकीला चौकशीला बोलावले. वडिलांच्या समाधानासाठी पाटी लावली होती, असे तिने सांगितले. "बाई, पाटीवर तसं लिहिलेलं नाही," साहेब म्हणाले. अर्ज फेटाळला गेला, आणि पुढची काही वर्षे नव्याने अर्ज करायलाही बंदी आली.

त्या संध्याकाळी पेंटर ब्लेड घेऊन माझ्यावर झुकला. "मीच लिहिलं, मीच खरवडतो," म्हणत राहिला. तेलरंग कसला निघतो! ब्लेड सटकले, बोट कापले, तरी तो थांबेना. अखेर लेकीने त्याचे दोन्ही हात धरले. "राहू द्या, बाबा. अक्षर चांगलं आलंय." त्यानंतर त्याने ब्रश हातात धरला नाही. काही महिन्यांनी तो गेला.

लेक आजही त्याच दलालाकडे आहे. त्याने तिला काढले नाही. असे कामाचे माणूस कोण सोडतो? मी माळ्यावर पडून आहे. ती मला भंगारात देत नाही आणि माझ्याकडे बघतही नाही.

मित्रांनो, खोट्या पाट्या लावून लोकांना गंडवणारे पुष्कळ आहेत, त्यांची तक्रार जरूर करा. तिने नियम मोडला, हेही मी नाकारत नाही. पण एखादी पाटी खटकली तर फोटो काढण्याआधी एकदा आत डोकावा. त्या दिवशी दार उघडेच होते, आणि ही पाटी कुणी लिहिली हे येईल त्याला सांगायला एक म्हातारा खुर्चीत वाट बघत बसला होता.