सुटी अक्षरं

नझीहाने छापलेला कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि मान हलवली.

"हेही नाही. बघ, अक्षरं सुटली."

शाद्लीने चष्मा चढवला. पहिल्या पानावर त्यांच्या मुलीचं नाव होतं, आमना. पण ते वाचता येत नव्हतं. एकमेकांना धरून राहणारी अरबी अक्षरं एकेकटी उभी होती, आणि तीही उलट्या क्रमाने.

"फुकटातलं सॉफ्टवेअर आहे, असंच असणार," तो म्हणाला.

"मग दुसरं बघू. स्वस्तातलं, पण धड."

गेल्या हिवाळ्यात गाबेसच्या रस्त्यावर वडापची गाडी उलटली आणि आमना गेली, तेव्हा तिचा प्रबंध लिहून होत आला होता. तिच्या प्राध्यापिका रौधाबाई विद्यापीठात सगळ्यांशी भांडल्या आणि आमनाच्या नावाने पदवी द्यायचं त्यांनी मंजूर करून घेतलं. अट एकच होती. प्रबंध शुक्रवारपर्यंत पीडीएफ करून कचेरीत पोचायला हवा. "एवढंच काम उरलंय," असं त्या फोनवर म्हणाल्या होत्या.

ते एवढंच काम संपत नव्हतं. महिनोन्‌महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहणारी नझीहा आता सकाळची कॉफी झाली की मुलीच्या लॅपटॉपसमोर बसायची. एका सॉफ्टवेअरने प्रत्येक पानावर आडवा शिक्का मारला, 'चाचणी आवृत्ती'.

"माझ्या पोरीच्या तोंडावर शिक्के मारतात मेले," असं म्हणून तिने ते काढून टाकलं.

दुसऱ्याने सुरुवातीची चार पानं करून दिली आणि पुढच्यासाठी पैसे मागितले. एका वेबसाइटवर फाइल चढवली की काम होत होतं, पण ते तिला पटेना. "कुठल्या परक्याच्या घरी पाठवू तिला? तो वाचणार, ठेवून घेणार." शाद्ली म्हणाला, सरळ चांगल्यातलं विकत घेऊ. तर, "ते डॉलर मागतात, आपलं कार्ड तिकडे चालत नाही," हे उत्तर तयार होतं.

शाद्लीची बहीण भेटायला आली, तिने तर तोंडावरच विचारलं, "काय गं, लग्नाचं कापड निवडतेयस का?" नझीहाने मान वर केली नाही.

गुरुवारी दुपारी मात्र शाद्लीचा धीर सुटला. तो बाब जेब्लीच्या वेशीपाशी वजदीच्या झेरॉक्सच्या दुकानात गेला.

"वजदी, पीडीएफ करणारं एक चांगलं सॉफ्टवेअर दे. अरबी अक्षरं न तोडणारं. किंमत सांग, मी घासाघीस करणार नाही."

"तुम्ही आणि घासाघीस नाही? काका, तब्येत बरी आहे ना?" वजदी हसला. मग शाद्लीचा चेहरा पाहून त्याने मशीन बंद केलं. "आमनाचं काम का?"

"हो."

"लिहिलंय कशात?"

"नेहमीच्याच. वर्डमध्ये."

"मग विकत काय घ्यायचंय, काका? त्यातच सोय आहे. सेव्ह करताना खाली पीडीएफ निवडायचं, झालं. अक्षर हलत नाही." तो थोडा घुटमळला. "पण नझीहा मादामना ठाऊक आहे हे. शाळेच्या ऑफिसात होत्या तेव्हा सगळी पत्रकं त्या अशीच करायच्या. मी दुकान टाकलं तेव्हा मलाही त्यांनीच दाखवलं."

शाद्लीने काउंटरवरचा स्टेपलर उचलला आणि परत होता तिथेच ठेवला.

"हो का," तो म्हणाला. "विसरली असेल."

घरी जाताना तो जिन्यात बराच वेळ उभा राहिला. वरच्या मजल्यावरची बाई पिशव्या घेऊन वर चालली होती, तिला त्याने वाट करून दिली. ती गेल्यावरही तो तसाच कठड्याला धरून होता.

नझीहा टेबलाशीच होती. समोर कुठल्यातरी नव्या सॉफ्टवेअरची जाहिरात उघडी होती.

"मिळालं?"

"दुकान बंद होतं."

"गुरुवारी?"

"असेल घरी कुणी आजारी."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो स्वयंपाकघरात गेला, कॉफीचं भांडं गॅसवर ठेवलं आणि धुतलेले कप पुन्हा धुवायला लागला.

"शाद्ली," तिने हाक मारली. "राहू दे ते. इथे येऊन बस."

तो शेजारी येऊन बसला. तिने जाहिरात बंद केली आणि मुलीची फाइल उघडली. तिच्या बोटांना काही शोधावं लागलं नाही. समासातल्या टिपाही घ्यायच्या का, असं यंत्राने विचारलं. तिने 'नाही' केलं. जुन्या फाइलशेजारी एक नवी फाइल उभी राहिली. पहिल्या पानावर आमनाचं नाव सलग, नीट उमटलं होतं.

"झालं," ती म्हणाली. "आता हिच्यात काही बदलता येणार नाही."

शाद्लीने तिच्या पाठीवर हात ठेवला. हात तिथेच राहिला.

"पाठव," तो म्हणाला.

तिने नवी फाइल रौधाबाईंना पाठवली. मग जुनी फाइल पुन्हा उघडून ती हळूहळू खाली जाऊ लागली. समासात छोट्या छोट्या पिवळ्या चौकटी होत्या. शाद्लीने त्या कधी पाहिल्या नव्हत्या. आमना त्यांत स्वतःशीच बोलत होती.

"'हे वाक्य फार लांबलं,'" नझीहा वाचू लागली. "'इथे बाई ओरडणार.' 'भूक लागलीय, उरलेलं उद्या.'"

शाद्लीला हसू आलं आणि त्याने तोंडावर हात धरला.

प्रबंध कर्केना बेटावरच्या मासेमारीवर होता. नझीहा त्याच बेटावर जन्मली होती. तिथे उथळ समुद्रात खजुराच्या झावळ्यांची कुंपणं उभारून मासे धरतात. एका चौकटीपाशी ती थांबली. ही तिने मोठ्याने वाचली नाही, म्हणून शाद्लीने वाकून वाचली. 'कुंपणातली ती आतली जागा, जिथे शिरलेला मासा परत फिरत नाही. तिला बेटावरच्या बायका काय म्हणायच्या? आईला विचारायचं.'

"विचारलं होतं तिनं?"

"नाही. राहून गेलं."

आत कॉफी उतू गेल्याचा वास आला. दोघंही उठली नाहीत.

"मग काय म्हणायच्या?"

नझीहाने ओढणीच्या टोकाने लॅपटॉपच्या पडद्यावरची धूळ पुसली.

"घर," ती म्हणाली. "नुसतं घर."